मिठाचा हात

कारगिल विजय दिनाला गावच्या शाळेच्या पटांगणात, स्मारकाच्या दगडापुढं, शहिदांसाठी दोन मिनिटं स्तब्धता सुरू होती. आमचा मुलगा प्रभू सीमेवर कामी आला, त्याला बारा वर्षं झाली.

तेवढ्यात शीळ ऐकू आली. दोन लांब, एक आखूड. सुट्टीवर आला की प्रभू अशीच शीळ घालून शेळ्यांना तळहातावरचं मीठ चाटायला बोलवायचा.

माळावरून आमच्या शेळ्या धावत आल्या. स्मारकाच्या दगडापुढं थांबून, माना वर करून रिकामी हवा चाटू लागल्या.

"मसाजी," सरपंच माझ्या कानाशी कुजबुजले, "या शेळ्या तर तुमी औंदाच घेतल्या न्हं?"

माझ्या बायकोनं, भागाबाईनं, शेळ्या चाटत होत्या तिथं हात नेला आणि ती किंचाळली.

"आवं, गरम हाय हात त्याचा!"