सुटं पान

"मॅडम, चारशे बारा पानं एकमेकांना जोडलेली आहेत, पण एक सुटं आहे. त्याच्याकडे कुठूनच जाता येत नाही," जुन्या फ्लॉपी वाचणारी संशोधक मुलगी म्हणाली.

यशोधरा केंकरे पडद्याकडे वाकल्या. इंटरनेटचं नावही कुणी ऐकलं नव्हतं, तेव्हा त्यांनी आणि रघुवीर ताम्हनकरांनी संग्रहालयासाठी ही माहितीप्रणाली बनवली होती. ‘नाणं’ या शब्दावर कळ दाबली की राजाचं पान उघडायचं, राजावरून किल्ल्याचं. पाहायला फारसं कुणी आलंच नाही. पुढे तो संगणक अडगळीत गेला आणि नऊ वर्षांपूर्वी ताम्हनकरही गेले.

"उघड बघू ते."

पानावर एवढंच होतं: ‘आज केंकरेबाई रजेवर. त्यांना बघायला पाहुणे येणार आहेत. डबा एकट्यानेच खाल्ला. हे पान कशालाही जोडायचं नाही.’

पाहुण्यांकडून नकार आला होता. बाईंचं पुढेही कुठे जमलं नाही. ताम्हनकरांनीही लग्न केलं नाही. अकरा वर्षं दोघं समोरासमोर बसून डबा खात, नाण्यांबद्दल आणि किल्ल्यांबद्दल बोलत. या पानाबद्दल मात्र ताम्हनकरांनी कधी चकार शब्द काढला नाही.

"काढून टाकू का?" मुलीने हळूच विचारलं.

"नको. पहिल्या पानावर आमची नावं आहेत ना? त्यातल्या माझ्या नावाला जोड."

मुलीने दुवा जोडला. बाईंनी आपल्या नावावर खूण नेली आणि स्वतः कळ दाबली. पान उघडलं.

"सांगायचं होतंत हो, ताम्हनकर," त्या पडद्याला म्हणाल्या.