बाबांची किटली

पडद्यावरचा हिरवा ठिपका लाल झाला, तेव्हा ती नेमकी "माझे बाबा एकटे राहतात" असं सांगत होती.

टेबलापलीकडे स्टुडिओच्या प्रमुख बाई आणि त्यांचा दाढीवाला तंत्रज्ञ बसले होते. अलीकडे ती आणि तिचा भागीदार ढब्बू. दोघांनी बनवलेल्या इवल्याशा यंत्राच्या पोटातलं सगळं वायरिंग ढब्बूचं, आणि बोलायचं काम तिचं.

नव्या कंपन्यांना पहिलं भांडवल आणि बसायला टेबल देणाऱ्या या स्टुडिओचा एक हट्ट होता. रंगीत तक्ते, रेकॉर्ड केलेले व्हिडिओ वगैरे इथे चालायचे नाहीत. यंत्र खऱ्या घरात बसवायचं आणि सगळ्यांसमोर चालवून दाखवायचं. फसलं तर फसलं. म्हणून तिनं यंत्राची डबी बाबांच्या स्वयंपाकघरात, विजेच्या किटलीच्या प्लगवर लावली होती. नेहमीची वेळ टळून गेली तरी किटली तापली नाही, की ठिपका लाल. जन्मभर नाटकांचे दिवे सांभाळलेला हा माणूस चहाच्या बाबतीत घड्याळालाच वेळ सांगेल असा होता. किटली तापताना दाखवता यावी म्हणूनच तिनं सकाळची पहिली वेळ मागून घेतली होती.

"बाबांना फोन लाव," ढब्बू कुजबुजला.

"हे ठरवून केलंय का?" दाढीवाल्यानं विचारलं.

तिला स्वयंपाकघरातली गुळगुळीत फरशी दिसली, बाबांच्या झिजलेल्या चपला दिसल्या. पण बाकी सगळ्या दारांवरून दोघांना गोड बोलून परत पाठवण्यात आलं होतं. हे शेवटचं दार होतं.

"हो," ती म्हणाली. "हिरवा काय, कुणीही दाखवेल."

"वा!" बाई पुढे झुकल्या. "बरं, लाल झाल्यावर पुढे काय?"

"घरच्यांना सूचना जाते. घरचं माणूस लगेच फोन करतं."

टेबलावर पालथा ठेवलेला तिचा फोन तेवढ्यात थरथरला. तिनं तो उलटवून पाहिला नाही.

"लगेच म्हणजे?"

"लगेच म्हणजे लगेच!" सगळे हसले. ढब्बू सोडून.

मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. वीज गेली तर? माणूस परगावी गेला तर? कुणाला ही पाळत वाटली तर? तिच्याकडे प्रत्येकाचं उत्तर होतं. जीव टांगणीला लागलेला आणि तोंड मात्र पोपटासारखं चाललेलं, याचं तिलाच नवल वाटत होतं. ढब्बू एकदा उठायला गेला, तेव्हा तिनं टेबलाखालून त्याची बाही घट्ट धरली. तो बाहेर गेला असता तर सगळं उघडं पडलं असतं. बाबा इथे असते तर तेही म्हणाले असते, आधी अंक पुरा कर, असं ती मनाशी घोकत राहिली. आपण हे स्वतःला पटवतोय, हेही तिला कळत होतं.

अखेर बाईंनी हात पुढे केला. "आम्ही तुमच्याबरोबर आहोत."

तिनं तो हात हातात घेतला, सोडला आणि फोन उचलून ती बाहेरच्या पॅसेजमध्ये धावली. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत पलीकडून फोन उचलला गेला.

"लागला का गं लाल?" बाबांनी विचारलं.

ती भिंतीला टेकली. "बाबा! बरे आहात ना? चहा का नाही केलात?"

"अगं, हिरवा दिवा बघून कोण टाळ्या वाजवणार? म्हटलं, पोरीच्या यंत्राला जरा काम देऊ. आधी सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. लहानपणी साधं खोटं रडतासुद्धा यायचं नाही तुला." आवाजात मोठा पराक्रम केल्याचा आनंद होता. "मिळालं का मग?"

"मिळालं, बाबा."

"शाब्बास!" मग त्यांचा आवाज थोडा खाली आला. "मी आपला पांघरुणात फोन हातात धरून पडलेला. आता वाजेल, मग वाजेल. वाजेचना. तेव्हा मात्र घाबरलो हं. म्हटलं, ऐन वेळी यंत्र बंद पडलं की काय पोरीचं!"

हो म्हणून टाकणं अगदी सोपं होतं. नेटवर्क नव्हतं, सूचना उशिरा आली, काहीही चाललं असतं. बाबांनी उलट तिचीच समजूत घातली असती. काचेच्या भिंतीपलीकडे ढब्बू उभा होता, तिच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते बघत. तिनं त्याला हातानंच सांगितलं, बरे आहेत.

"नाही बाबा," ती म्हणाली. "यंत्र नीट चाललं. मला लगेच कळलं होतं."

पलीकडे पांघरूण सळसळलं.

"असं होय," बाबा म्हणाले. "बरं. मग आता उठू का मी?"

फोन कानाशी धरूनच ती काचेकडे वळली. थोड्या वेळानं काचेपलीकडच्या पडद्यावर ठिपका हिरवा झाला, आणि दाढीवाल्यानं तिच्याकडे बघून अंगठा वर केला.