पिशवी उघडा

या, जरा जवळ सरका. मागच्या बाकावरच्यांनीही पुढे यावं, कारण ही गोष्ट मागच्या बाकावर बसणाऱ्या एका माणसाचीच आहे.

"आणलीस चोरांची पलटण?" हवेलीचा माळी गिडियन पास्क फाटकातूनच गरजला.

'प्लाऊ' सराईची छोटी बस हार्सकूम हवेलीपुढे थांबली होती. सराईची मालकीण डोरीन दर फेब्रुवारीत आपल्या पाहुण्यांना आसपासच्या जुन्या हवेल्या अन् बागा दाखवायला नेई. हार्सकूमची स्नोड्रॉपची इवली पांढरी फुलं पाहिल्याशिवाय ती सहल पुरी होत नसे.

"पाहुणे आहेत माझे," डोरीन म्हणाली. "आणि चोराचं म्हणशील गिडियन, तर तो कुणाच्या घरात होता हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

बसमधलं कुणीतरी फिसकन हसलं. गिडियनचे कान लाल झाले.

"जाताना एकेक पिशवी उघडून बघणार. एक कंद जरी सापडला, तर तुझी गाडी पुन्हा या फाटकातून आत येणार नाही."

"बघ की. तेवढंच तर येतं तुला."

डोरीनचा घाव वर्मी बसला. गिडियनचा बाप अमोस इथला मुख्य माळी होता. 'लेडी ऑगस्टा' नावाचा स्नोड्रॉप तेव्हा फक्त याच बागेत फुलायचा, आणि त्याचा कंद बाहेर जाता कामा नये असा हवेलीच्या जुन्या मालकिणीचा दंडक होता. एका फेब्रुवारीत वाफ्यात खळगा दिसला. मालकिणीने विचारलं, अमोस गप्प राहिला. त्याच दिवशी त्याला हाकललं. त्यानंतर मरेपर्यंत अमोस चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला, अगदी दाराशी. शेजारी गिडियन, तेव्हा सहा वर्षांचा. त्याचे पाय जमिनीला टेकत नसत आणि पुढच्या बाकावरच्या माना अधूनमधून मागे वळत.

तो डाग पुसायलाच गिडियनने पुढे हीच नोकरी धरली. मालकीण गेली, तिचा नातू आला. या फाटकातून अठ्ठावीस वर्षांत एक पान चोरीला गेलं नव्हतं. पण तीन वर्षांपूर्वी बुरशी लागली आणि लेडी ऑगस्टाचा वाफा मुळासकट गेला. एकही कंद वाचला नाही. उघड्या मातीत नावाची पत्र्याची पाटी तेवढी उभी होती. ती काढायला गिडियनचा हात धजत नव्हता.

आता त्याच पाटीपाशी, वाफ्याभोवती बांधलेल्या दोरीच्या आत, एक म्हातारी गुडघे टेकून बसली होती. डोरीनच्याच बसमधली. हातात खुरपी, बाजूला ओलं वर्तमानपत्र, आणि त्यात हिरव्या पानांनिशी स्नोड्रॉपचा जुडगा.

गिडियनला आणखी पुरावा नको होता. स्नोड्रॉप उपटून दुसरीकडे लावायचा तो असाच, फूल ओसरत असताना, पानं हिरवी असताना. हे फक्त माळ्याला माहीत असतं. नाहीतर मुरलेल्या चोराला.

"डोरीन!" त्याने फाटकापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारली. "ये, बघ तुझी पाहुणी!" मग म्हातारीकडे वळून म्हणाला, "काय हो बाई, या वयात? लाज वाटत नाही? कुठून उपटलंत?"

त्याने वर्तमानपत्र हिसकावून घेतलं. म्हातारीने प्रतिकार केला नाही.

"फूल बघ आधी," ती म्हणाली. "शिव्या नंतर दे."

स्नोड्रॉप खाली मान घालून फुलतो. गिडियनने एका फुलाची हनुवटी बोटाने वर केली. आतल्या पाकळीवर इवलासा हिरवा क्रूस होता.

लेडी ऑगस्टा! जे बागेत उरलंच नाही, ते बागेतून कुणी चोरणार कसं?

"आत येताना कुणी माझी पिशवी बघितली नाही," म्हातारी म्हणाली. "मी एनिड. इथं स्वयंपाकघरात भांडी घासायची. लग्न ठरलं, यॉर्कशायरला निघाले, तेव्हा अमोसने हा जुडगा माझ्या पिशवीत घातला. म्हणाला, 'सगळं एकाच वाफ्यात ठेवलं की एक दिवस सगळंच जातं, पोरी. जे जपायचं ते देऊन टाकावं. इथलं संपलं तर परत आण.' संपल्याचं बागांच्या मासिकात वाचलं, म्हणून आले."

डोरीन धापा टाकत येऊन पोहोचली होती. एनिडने तिच्याकडे पाहिलं.

"त्याला चोर म्हणून हाकललं, हे मला आज सकाळी कळलं. न्याहारीला. ही सगळ्यांना हसत हसत सांगत होती."

डोरीनने मान खाली घातली.

"त्याने माझं नाव का नाही सांगितलं रे?" एनिडने विचारलं.

"सांगितलं असतं, तर मालकिणीने माणूस पाठवून कंद परत आणवले असते," गिडियन म्हणाला. स्वतःचं उत्तर ऐकून त्याला बापाचं गप्प राहणं उमगलं. मग त्याने एनिडच्या हातातली खुरपी घेतली आणि बापाच्या वाफ्यात पहिला खड्डा केला.

देवाघरचं बी कधी कुणाच्या पिशवीतून परत येईल, सांगता येत नाही. आज तो वाफा पुन्हा भरला आहे. गिडियनचा स्वभाव मात्र तसाच. सराईची बस निघाली की अजूनही फाटकात आडवा उभा राहतो, "पिशवी उघडा" म्हणून खेकसतो, आणि एकेका पिशवीत ओल्या कागदातला लेडी ऑगस्टाचा एक जुडगा ठेवतो.

तुम्हालाही कधी मिळाला, तर मातीत लावताना अमोस पास्कची आठवण ठेवा.