गोड्या पाण्याचं घर

चंद्रभान सकाळपासून गच्चीवरच्या टाकीत पाण्याचे जार ओतत होता. विकतचे, अकोल्याहून आणलेले.

"एका मानसासाठी येवढं पानी?" खालून गोदाबाई ओरडल्या.

"एका घोटासाठी, माय."

गाव खारपाणपट्ट्यातलं. बोअरच्या पाण्यात वरण शिजवलं तर मीठ टाकावं लागत नसे. घरोघरी मूतखडे. मुलगी द्यायला कोणी तयार नाही. चंद्रभान अडतीस वर्षांचा, आणि गावातल्या बिनलग्नाच्या पोरांत तो लहान होता. पार्टी दर निवडणुकीला गोड्या पाण्याची पाइपलाइन आणायची आणि निकालानंतर परत न्यायची.

दुपारी अमरावतीच्या राजापेठेतले पंजाबराव मुलीसाठी घर पाहायला आले. सोबत स्थळ सुचवणारे महादेवमामा. पंजाबरावांनी शेती विचारली नाही, कमाई विचारली नाही.

"गावात भावकी किती तुमची?"

"अर्धं गाव आमचंच जी."

"अन् लग्न झालं का, पोरीचं नाव इथं लागन ना?"

"दुसऱ्याच दिवशी!" गोदाबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे रेशन कार्ड होतं.

पंजाबराव खुशीत आले. "जमलंच समजा. पानी पाजा आता."

चंद्रभाननं त्यांच्यासमोर नळ सोडून गिलास भरला. पंजाबरावांनी घोट घेतला. थांबले. दुसरा घेतला.

"हे इथलंच?"

"नळाचंच जी. आता पान्याचा काहीच तरास नाही राह्यला. इचारा कोनालेही."

दारात जमलेल्या गावानं, ठरल्याप्रमाणे, माना हलवल्या.

पंजाबरावांनी गिलास खाली ठेवला. चहाला थांबले नाहीत.

संध्याकाळी मामांचा फोन आला.

"नकार हाय बावा. पल्याडच्या गावात सुपारी फुटली त्यायची."

"पल्याड? तिथलं पानी तं म्हशी पीत नाहीत, मामा!"

"मंग? औंदा इथली झेडपीची जागा बायांसाठी राखीव हाय. पार्टी पंजाबरावाच्या पोरीले तिकीट देऊन राह्यली, फक्त ते इकडची सून पाह्यजे. तुह्या घरचं पानी प्याले, अन् गाडीत बसल्या बसल्या मले म्हनते, 'महादेवराव, इथं पोरीनं मतं मांगाची तरी कायच्या नावानं?'"