धोंडुबाईची मोटर

पडद्यावर एकच टोक लाल रेषेच्या वर डोकं काढून उभं होतं. पवित्रा त्याच्याकडं टक लावून बघत होती.

कोडोलीच्या माळावर लाकडी टेबल, त्यावर काड्यापेटीएवढं ब्लूटूथ यंत्र, समोर त्याच्या लहरी टिपून पडद्यावर दाखवणारा अँटेना. दुधाच्या काट्यावरचे आकडे बिनतारी संगणकाकडं धाडणारं हे यंत्र तिनं स्वतः बनवलेलं. त्यातून नको त्या लहरी लाल रेषेच्या वर सुटल्या, तर परवाना मिळायचा नाही. उद्या ते तपासणीला बंगळूरला जायचं होतं. तारीख हुकली की दूध संघाची ऑर्डर गेलीच.

"पलीकडं उसात मोटर चाललीया की! तिचाच गोंगाट हाय ह्यो," मल्लिकार्जुनकाका म्हणाले. पवित्रा जिथं काम करायची, तो यंत्रांचा कारखाना त्यांचा.

पडदाभर पसरलेल्या त्या लहरींच्या गोंगाटात टोक नक्की कुणाचं, ते कळेना. पवित्रा बांधावर गेली. धोंडुबाई उसाला पाणी पाजत होती.

"मावशी, मोटर जरा बंद करता का? माझी चाचणी अडलीया."

"लाईट बाराला जाती, बाय. निम्मं रान कोरडं हाय." एवढं बोलून धोंडुबाईनं स्वतःच जाऊन बटण दाबलं. काय म्हणावं या बाईला!

गोंगाट बसला, पडदा स्वच्छ झाला. टोक मात्र तिथंच. पवित्रानं आता आपलं यंत्र बंद केलं. टोक गायब.

"आपलंच हाय, काका."

"अगं, तिथं पास बी हुईल! पाठव की!"

"आणि न्हाय झालं तर? चूक दिसतीया, तर झाकून कशाला पाठवायची? मी परत बनवते."

काका माळाच्या कडेला उभ्या व्हॅनकडं चालू लागले. पवित्राचे डोळे भरून आले होते, तरी ती आधी बांधावर गेली.

"मावशी, मोटर लावा. तुमच्या मोटरीचा काय बी दोष न्हवता. खोट माझ्या यंत्रात निघाली."

धोंडुबाई तिच्याकडं बघतच राहिली. "एवढंच सांगाया पुन्यांदा आलीस व्हय? गुणाची गं बाय माझी!"

तेवढ्यात व्हॅनपाशी काकांचा आवाज चढला. ते मोबाईलवर दूध संघाच्या साहेबांशी बोलत होते.

"न्हाय, उद्या न्हाय जात माल. नापास झालाय... कुणी केला म्हंजे? आमच्याच पोरीनं केला की!"

मैदानात पोरीनं कुस्ती मारल्यागत ते सांगत होते.