चांदीचा लायटर

थेसलोनिकीचा संघ सोडून गेलेला पानोस अथेन्सच्या संघाकडून थेसलोनिकीच्याच मैदानात उतरताच प्रेक्षक त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले; सर्वांत आधी त्याचा बाप, मिल्तोस. “गद्दार! पैशासाठी बापालाही विकशील!” शेजारचा तरुण ओरडून ओशाळला. “माफ करा, काका.” “माफी कसली? मला मुलगाच नाही. ओरड जोरात!” युरोपच्या बास्केटबॉल चषकाची उपांत्य लढत बरोबरीत होती, शेवटचा फ्री थ्रो पानोसचा. मिल्तोसनं खिशातला चांदीचा लायटर नेम धरून भिरकावला. पानोसची भुवई फुटली. त्यानं लायटर उचलताच ओळखला. थेसलोनिकीकडून खेळताना त्यानंच तो बापाला दिला होता. पुरावा मागत पंचांनी हात पुढे केला, पण त्यानं लायटर मोज्यात खोचला आणि रक्त न पुसता चेंडू जाळीत टाकला. थेसलोनिकी हरलं. बाहेर मिल्तोसनं सिगारेट ओठांत धरून खिसा चाचपला. “काका, लायटर?” “मुलाकडे राहिला.”