हातातली बिडी

तिसरीच्या वर्गात पाय ठेवताच आरोग्यसेवक व्यंकटेश दाराशीच घुटमळला. "शाळेत तुम्हीच बोला, बिडीचं दुखणं तुम्ही घरात पाहिलंय," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्याला भीती होती ती वेगळीच. या वस्तीतल्या बायका बिड्या वळूनच घर चालवत. त्याची बायको पद्माही जन्मभर वळत राहिली. तंबाखूची भुकटी तिच्या छातीत बसली आणि दिवाळीच्या तोंडावर ती गेली. बिडीला वाईट म्हणताना या पोरांच्या आयांना नावं ठेवल्यासारखं व्हायला नको होतं.

वर्गाच्या बाईंनी सुरू करा म्हणून खुणावलं. गडबडीत तो विचारून बसला, "घरी कोणाच्या हातात बिडी असते? त्यांनी हात वर करा."

त्याला ओढणारे विचारायचे होते. हात मात्र सगळ्या वर्गाचे वर गेले.

"माझ्या आईच्या."

"माझ्या आईच्या अन् आजीच्या पण."

पुढच्या बाकावरची श्रीजा म्हणाली, "सर, मग माझी आई वाईट आहे का?"

ज्याला भीत होता तेच झालं. तो तिच्यापुढे खाली बसला. "नाही गं बाळा. ती तुझ्यासाठीच वळते. तू फक्त बिडी तोंडाला लावायची नाही, कोणी दिली तरी."

श्रीजानं मान डोलावली. मग विचारलं, "तुमच्या घरी कोणाच्या हातात असते?"

"आता कोणाच्याच नाही."

"मग सरांचा पहिला नंबर," ती म्हणाली, आणि सगळ्या वर्गानं त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या.